तात्यांच्या गाडीचा निळा धूर

मंडळी, ऐका! एकच विचारतो. चूक झाली की आपलं बोट पहिल्यांदा कुणाकडे जातं? स्वतःकडे? छे! बोटाला घरात करमतच नाही हो!

कराडात विश्वंभरतात्या गोसावी नावाचे निवृत्त हेडमास्तर. दारात टर्बोची डिझेल गाडी, आणि अकरा वर्षांचा जुना ड्रायव्हर निवृत्ती मोहिते. त्याच्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, तो पंधरा दिवस रजेवर गेला. झालं! तात्या स्वतः स्टेअरिंगला बसले.

रोज संध्याकाळी घरी आले, की गाडी दारातल्या उतारावर उभी, इंजिन बंद — आणि लगेच ऑइल मोजायची पट्टी बाहेर! अहो, ऑइल अजून खाली उतरलेलं नाही, गाडी तिरकी. पट्टीवर कमीच दिसणार! पण तात्या म्हणाले, "निवृत्तीनं विकलं वाटतं!" आणि ओतलं अर्धा लिटर. दोन दिवसांनी पुन्हा. मग पुन्हा! आमचे पेटीवाले, सूर सोडून हसू नका, तुमची स्कूटर मी पाहिलीय!

तेराव्या दिवशी गाडी चालू केली, तर मागून निळा धूर! अख्खी गल्ली खोकतेय! समोरच्या काकूंनी वाळत घातलेले पापडसुद्धा उचलून आत नेले.

निवृत्ती परत आला. सपाटीला गाडी घेतली, पट्टी काढली, म्हणाला, "साहेब, ऑइल फार झालंय. काढायला हवं."

तात्या भडकले. "पंधरा दिवस गायब, आणि वर मला शिकवतोस? उद्यापासून येऊ नकोस!"

अकरा वर्षं — एका वाक्यात!

एका मोठ्या गॅरेजनं धूर बघूनच निकाल दिला, "टर्बो गेला." शेवटी गेले याकूब मिस्त्रींकडे. याकूबभाईंनी घाई केली नाही. "काळा धूर म्हणजे डिझेल जास्त. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पण ऑइल आलं कुठून, ते आधी बघू." टर्बोचा पाइप काढला, हवा कोंबणाऱ्या आतल्या पंख्याचा दांडा बोटानं हलवून पाहिला. घट्ट! मग पट्टी. खुणेच्या बोटभर वर ऑइल!

"तात्या, टर्बो ठणठणीत आहे. हे ओतलं कुणी? अजून थोडं असतं, तर इंजिन स्वतःचंच ऑइल पीत सुटलं असतं. किल्ली काढूनही थांबलं नसतं!"

तात्यांचा चेहरा बघायला हवा होता! ज्यानं आयुष्यभर पोरांना "कुणी केलं? उभा राहा!" म्हटलं, तो माणूस आज स्वतः उभा होता.

जास्तीचं दीड लिटर ऑइल निघालं. अर्धा तास गाडी पळवली, धूर संपला. तात्या तसेच निवृत्तीच्या घरी गेले. तो आईच्या डोळ्यांत औषध घालत होता.

"निवृत्ती... ऑइल मीच ओतलं रे. आणि चोर तुला म्हटलं. माझं चुकलं."

आईच म्हणाली, "मास्तर, चोर म्हटलेलं त्याला कुठं ठाऊक होतं? ते आत्ता तुमच्याच तोंडून कळलं!"

तात्यांची मान खाली. निवृत्तीनं बाटलीला झाकण लावलं. "सात वाजता येतो साहेब. पण बॉनेटला हात लावायचा नाही."

"नाही लावणार!"

मंडळी, तात्या निदान माफी मागायला गेले तरी! तुम्ही ज्याला दाराबाहेर काढलंय, तो अजून तुमची वाट बघतोय का? आठवलं नाव? मग टाळ्या नंतर वाजवा, उद्या सकाळी आधी त्याच्या घरी जा. बोला, रामकृष्ण हरी!