बसू शकणारी मुलं

पाण्याच्या रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते. ती अपंग मुलांच्या संस्थेत आया होती आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलांना शहराबाहेर नेणारी बस तो चालवणार होता.

"अगं, हुकूमच तसा आहे. ज्यांना बसता येतं, तेवढीच मुलं न्यायची."

"आणि अंथरुणावरची?"

"त्यांच्यासाठी ॲम्ब्युलन्स येईल म्हणतात."

"म्हणतात! पूल आज ना उद्या उडवणार. मग ती येणार कुठून?"

"हळू बोल, लोक ऐकतायत."

"ऐकू देत. काल बॉम्ब पडला तेव्हा चिमणीला पलंगाखालीसुद्धा जाता आलं नाही, दादा. ओरडताही येत नाही तिला. नुसती माझ्याकडे बघत राहिली."

"तू तरी चल. आईला काय तोंड दाखवू मी?"

"मी आले तर त्यांची कूस कोण बदलणार? घास अडकला तर कोण धावणार?"

"मग करायचं तरी काय?"

"सकाळपासून सगळ्यांना बसवून बघतेय. पाठीला उशी आणि पोटाभोवती चादर बांधली की बसतात. चिमणीची मान तेवढी ताठ राहत नाही."

"नाक्यावर शिपाई आत चढून बघतो. एकीची मान कलंडलेली दिसली तर सगळ्यांनाच खाली उतरवेल. मलासुद्धा."

"माहीत आहे. म्हणून सांगते, तो चढला की इंजिन बंद करू नकोस. गाडी थरथरत असली की सगळ्यांच्याच माना हलतात."

रांग पुढे सरकली. तो जागचा हलला नाही.

"दादा?"

"चिमणीला माझ्या मागच्या सीटवर बसव."