चुन्याच्या रेघा

१९३४ साल. अकोला स्टेशनवर अमरावतीच्या तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक माळी जोडपं होतं. झेंडू विकून टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या. नवरा तिकडच्या लुथरन ख्रिस्ती मिशनच्या शाळेत बागवान होता.

"साहेबानं मैदानात कॉलेज आखलं, शालूची माय. वीस वर्साचा बेत हाय. चुन्याच्या रेघा म्याच मारल्या."

"अन् भिंती?"

"भिंती मांगून. पयले पोरायचे वर्ग, मंग पुस्तकाची खोली. आता नुसत्या रेघा. तरी मी दारातूनच आत जातो."

"येडे झाले तुमी! पोरीयचा वर्ग कुठी हाय?"

"विहिरीजवळ. दहाव्या वर्सी बांधतीन."

"तवा आपली शालू एकोणीसची होईन. शिकन कवा?"

"तेच साहेबाले म्हटलं. थो म्हणे, ठरलेला क्रम बदलत नाही."

"मंग?"

"उद्यापासून तिले पाटी देऊन त्या रेघांत बसवतो."

"उघड्या मैदानात? कावून?"

"साहेब रोज सकाळी नकाशा घेऊन येतो. पोरीयची खोली त्याले रिकामी दिसू नये."

खिडकी उघडली. रांग पुढे सरकली. ते दोघं तिथंच उभे होते.

"आवो, पोरीले सांगजा, दारातूनच आत जाय म्हणा. रेघ पुसू नको."