घट्ट बसलेलं विमान

अंबडच्या खेळण्यांच्या लायब्ररीत सुलाबाई नातवाचा पत्त्यांचा खेळ परत करायला रांगेत उभ्या होत्या. चिंचोक्यांनी खेळत वाढलेल्या त्यांना खेळणं परत करण्याचंच नवल वाटे. पुढे एक आजोबा होते, हातात सुटे भाग जोडून केलेलं खेळण्यातलं विमान, सोबत नात.

“आजोबा, विमान सुटं करून खोक्यात भरायचं असतं. नाहीतर बाहुलीघर मिळणार नाही.”

“निघत नाही ते, अंजू.”

“का?”

“मी जोडलंय. तीस वर्षं फिटर होतो, सैल काम हाताला येतच नाही.”

“खेळण्यातलं होतं ते.”

“विमान आहे, बाळा. हवेत सुटलं म्हणजे?”

खिडकीतल्या बाईंनी खोक्यातला प्लॅस्टिकचा पान्हा लावला. पान्हाच वाकला.

“बाई, मला बाहुलीघर द्या,” अंजू म्हणाली. “विमान सुटेपर्यंत आजोबांना ठेवून घ्या.”