नेटवर्किंग करतोय

माझ्या अभ्यासाच्या प्लॅनिंगची गंमत ऐका रे. कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी क्लास न लावता घरीच करायची ठरवली. पण हेंद्रेपाड्यातलं आमचं घर म्हणजे पाहुण्यांचा अड्डा! एकदा अंबरनाथच्या मामांनी विचारलं, "सध्या काय करतोस?"

म्हटलं, "नेटवर्किंग."

मामा अर्धा चहा टाकून पळाले. त्यांना वाटलं, मी साबण-शाम्पूच्या चेन मार्केटिंगमध्ये शिरलोय, आता त्यांनाही मेंबर करणार.

मग काय, जो येईल त्याला मी तेच ऐकवू लागलो. घर एकदम सामसूम, अभ्यास सुसाट!

परवा उल्हासनगरची मावशी आली. म्हटलं, "मावशी, मी नेटवर्किंग करतोय."

मावशी जाम खूश. पर्समधून शाम्पूची बाटली काढत म्हणाली, "अरे, मग परक्याच्या खाली कशाला? माझ्या खाली जॉइन हो!"