अडकलेली सीडी

उल्हासनगरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये शलाका बिघडलेला मिक्सर मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या आधी बदलापूरच्या अंजनाबाईंचा नंबर होता. काउंटरवरचा मुकेश त्यांचा डीव्हीडी प्लेअर उलटसुलट करून बघत होता.

"मावशी, नवाकोरा आहे, वॉरंटीत आहे. कंपनी बदलून देणार. टेन्शन कशाला घेता?"

"आणि आतली सीडी?"

"ती अडकलीय. सेटबरोबरच जाणार."

"मग नको बदलून. तूच खोल."

"अहो, सील तोडलं की वॉरंटी खलास. नवा मिळणार नाही. कसली सीडी आहे?"

"पोरीच्या लग्नाची."

"मग शूटिंगवाल्याकडून दुसरी काढून घ्या ना."

"त्याने कधीच दुकान गुंडाळलं. यात आमचे हे आहेत रे. भिंतीवरच्या फोटोतून नुसते बघतात. यात बोलतात."

मुकेशने स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, पण लावला नाही.

"मावशी, परत विचारतो. तोडू ना?"

"तोड बाबा."

सीडी धड निघाली. मुकेशने ती पुसून दुकानातल्या प्लेअरमध्ये घातली. टीव्हीवर मांडव दिसला आणि फेटेवाला एक माणूस तोंडात लाडू असतानाच कॅमेऱ्यावर ओरडला, "माझं काय घेतोस? नवरीचं घे!"

"अस्सेच खेकसायचे सगळ्यांवर," अंजनाबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

"चालते, मावशी. बंद करू?"

अंजनाबाई टीव्हीकडेच बघत राहिल्या.

"बरं. मॅडम, तुमचा मिक्सर आणा."

"थांबा हो," शलाका म्हणाली. "आधी लग्न तर लागू दे."