गारव उभा राहतो

हायलँडच्या श्वानमेळ्यात एफी आपली डियरहाउंड जातीची शिकारी कुत्री धरून रिंगणाबाहेरच्या रांगेत उभी होती. पुढे म्हातारा टॉर्किल, त्याचा करडा कुत्रा गारव आणि त्याची शेजारीण मोराग.

"मागच्या मेळ्यात तुझ्या गारवचा नंबर हुकला कसा रे, टॉर्किल?" मोरागने विचारलं.

"धावेचना. परीक्षकाशेजारी मान खाली घालून उभाच राहिला. शेवटी ओढत न्यावं लागलं."

"लळा लागला असेल."

"लळा कसला! डोंगरात गोळी लागून हरीण पडलं, की हा असाच उभा राहतो. भुंकत नाही, चावत नाही. हरणाचा जीव जाईपर्यंत राखण करतो. मग मी 'झालं' म्हटलं, की सुटतो."

"आणि तो परीक्षक?"

"रविवारी पुरला त्याला."

"काहीतरीच बोलतोस! आजारी असेल बिचारा."

"असेलही. चला, रांग सरकली. गारव, चल. अरे, चल म्हणतो ना!"

एफीच्या गुडघ्याला खरखरीत केस लागले. गारव तिच्याशेजारी मान खाली घालून उभा होता.

"आजोबा, न्या ना याला. 'झालं' म्हणा की!"

टॉर्किलने हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"ते आधी म्हणायचं नसतं, पोरी."