गुलाबी झाकणाची डबी

उर्वशी : अवो ताई, बॅग तरी ठेवू द्या. अड्याळहून दोन एसट्या बदलून आली मी.

हर्षा : ठेव. आणि ती तुझी गुलाबी झाकणाची डबी उकिरड्यात टाकून ये.

उर्वशी : क्रीमची? काहून?

हर्षा : टीनाचा गाल पाहा जाऊन. पुरळ उठलंय, खाजवून खाजवून रक्त काढते पोरगी. सकाळीच तुमसरला डॉक्टरांकडे नेलं. क्रीम टिकावं म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह टाकतात ना, त्याची अ‍ॅलर्जी आहे म्हणाले. जो तिला उचलून घेतो, त्याच्या अंगावरचं तिच्या गालाला लागतं.

उर्वशी : अन् तुम्ही माझं नाव सांगतलं.

हर्षा : मग? धाकटी जाऊ लावते, म्हटलं. घरात दुसरं कोण लावतं? दिवसभर तुझ्याच खांद्यावर असते. मी हात पुढे केले की पाठ फिरवते. पोरगी माझी, पण ‘काकू’ आधी म्हणाली, ‘आई’ नंतर.

उर्वशी : म्हणूनच बारा दिवस मायेरी धाडलं न मले? पुरळ कधी उठलं?

हर्षा : ...रविवारी.

उर्वशी : तवा मले जाऊन आठ दिवस झाले होते.

हर्षा : आधीचं राहिलं असेल अंगात.

उर्वशी : तुम्ही बीएस्सी, मी बारावी नापास. तरी समजते मले. (कपाटातून डबी काढून उघडत) गेली तवा नवी होती. आता बूड दिसून राहिलं. अन् मी त आज काहीच लावलं नाही. मंग हा वास कोणाजवळून येऊन राहिला, ताई?

हर्षा : ...तू गेलीस आणि ती तुझ्या दाराशी जाऊन बसायची. दूध घेईना. मग मी थोडं मानेला लावलं. उर्वशी, तिनं वास घेतला, गाल टेकवला आणि झोपली. माझ्या अंगावर, न रडता. मग रोजच लावलं. आज सकाळीही.

उर्वशी : डॉक्टरले सांगतलं हे?

हर्षा : यांच्यासमोर? तुझं नाव सोपं होतं.

उर्वशी : मले खांद्यावर घ्याले तीच एक आहे, ताई. तिच्या गालाले मी काही होऊ देन का?

हर्षा : ...उठली बघ. रडतेय. जा, घे तिला.

उर्वशी : तुम्ही घ्या.

हर्षा : वासाशिवाय नाही येणार ती माझ्याकडे.

उर्वशी : आधी मान धुवा, चांगली घासून. मी पडद्यामागं उभी राहतो. तिले दिसणार नाही असी.